परमुलखातली सायकल आणि वरून पाऊस!

सायकलवरून देशोदेशी हिंडणाऱ्यांना घाट थकवतो, ऊन तापवते. पण 'घरी परत जावे' असे वाटायला लावतो तो पाऊस. अशा दिवशी शरीराचे काय होते, सायकलचे काय होते, केव्हा थांबावे आणि घरच्यांनी काय करावे, याची ही माहिती.

अंबाल्याहून चंदीगडच्या दिशेने निघाले की लालरू मागे पडते आणि सुमारे पंचवीस किलोमीटरवर डेराबस्सी लागते. पंजाबच्या मोहाली जिल्ह्यातले हे गाव आता कारखान्यांनी आणि उंच इमारतींच्या वसाहतींनी भरून गेले आहे. मोटारीतून जाणाऱ्याला ते केव्हा आले आणि केव्हा गेले, हे कळतही नाही. दिल्लीहून सिमल्याला किंवा मनालीमार्गे लेहला निघालेल्या सायकलस्वाराला मात्र ते चांगले लक्षात राहते. कारण इथे सपाट मुलूख संपत आलेला असतो. पुढे भांखरपूरजवळ घग्गर नदीचा पूल, मग झिरकपूर, आणि त्यानंतर शिवालिकच्या टेकड्या. युरोपातून आलेला प्रवासी असो की पुण्या-नाशकाकडचा एखादा हौशी तरुण, इथवर येईतो त्याला उन्हाची सवय झालेली असते. पावसाची नसते.

आणि इथला पाऊस काही वेळा चेष्टेवारी नेण्यासारखा नसतो. ९ जुलै २०२३ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत चंदीगडला ३२२.२ मिलिमीटर आणि अंबाल्याला २२४.१ मिलिमीटर पाऊस झाला. चंदीगडच्या नोंदींतला तो उच्चांक. घग्गरला पूर आला. डेराबस्सीतल्या वसाहतीत इतके पाणी शिरले की मोटारी बुडाल्या आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. मनालीकडे जाणारा महामार्ग बियास नदीने जागोजागी खरवडून नेला. ज्या रस्त्यावर आदल्या दिवशी सायकल चालवता आली असती, तिथे दुसऱ्या दिवशी रस्ताच नव्हता.

दरवर्षी असे होत नाही. पण घरापासून हजारो किलोमीटर दूर, भाषा परकी, डोक्यावर छप्पर नाही आणि पाऊस थांबायचे नाव घेत नाही, असा दिवस दूरच्या सायकल सफरीत एकदा तरी येतोच. त्या दिवशी घेतलेला निर्णय सफरीचे भवितव्य ठरवतो. क्वचित प्रसंगी जिवाचेही.

रेनकोट, तोच तंबू

सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून टॉमस स्टीव्हन्सचे नाव घेतले जाते. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा तरुण पुढे अमेरिकेत गेला आणि २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच, मागचे चिमुकले, अशी त्या काळची ती सायकल. रबर भरीव, हवेचे टायर अजून बाजारात यायचे होते. अमेरिका, युरोप, तुर्कस्तान, इराण करत तो अफगाणिस्तानात शिरला. पण तिथून त्याला परत पाठवण्यात आले. मग बोटीने वळसा घालून तो हिंदुस्थानात आला आणि १८८६ च्या पावसाळ्याच्या दिवसांत लाहोरहून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्यापर्यंत गेला. त्या रस्त्यावरच अंबाला लागते. म्हणजे आजच्या डेराबस्सीपासून अगदी हाकेच्या अंतरावरून हा गोरा पाहुणा आपल्या उंच चाकावरून गेला असणार.

त्याच्या सामानाची यादी आजही वाचण्यासारखी आहे. मोजे, एक जादा शर्ट, एक पिस्तूल आणि एक रेनकोट. हा रेनकोटच रात्री तंबू व्हायचा आणि अंथरूणही. आजच्या प्रवाशाजवळ तंबू वेगळा, झोपण्याची पिशवी वेगळी, पावसाचे जाकीट वेगळे आणि त्या सगळ्यांचे ओझे मागच्या कॅरिअरवर. स्टीव्हन्सने दोन कामे करणारी वस्तू निवडली. आपल्या मावळातल्या शेतकऱ्याला हे शहाणपण नवे नाही. त्याची घोंगडी पावसात खोळ होते, रात्री पांघरूण होते आणि पाहुणा आला तर बैठकही होते.

मुंबईचे सहा तरुण

परदेशी माणसाचे कौतुक झाले, आता आपल्या माणसांकडे वळू. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी, म्हणजे मुंबईचा पाऊस ओसरता ओसरता, सहा पारशी तरुण सायकली घेऊन जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भूमगारा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरीमन कापडिया ही त्यांची नावे. सगळे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे, विशीतले. व्यायामाने कमावलेली शरीरे आणि खिशात बेताचेच पैसे.

पंजाब आणि बलुचिस्तानातून ते पुढे गेले. झियारतजवळ अकरा हजार फुटांवर त्यांना गारा आणि बर्फाने गाठले. पुढे इराण, इराक. बगदादहून अलेप्पोकडे जाताना मेसोपोटेमियाच्या वाळवंटाने त्यांना तहानेने अर्धमेले केले. नंतर इजिप्त, इटली, आल्प्स, इंग्लंड. मग अमेरिका, जपान, कोरिया, चीन. शेवटी इंडोचायना, सयाम आणि ब्रह्मदेशातून आसाममार्गे घर. १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले ते तिघेच: हकीम, बापासोला आणि भूमगारा. चार वर्षे पाच महिन्यांत त्यांनी सुमारे ७१ हजार किलोमीटरचा पल्ला गाठला होता. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली.

त्यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर हा मुंबईकर एकटाच निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव स्टाव्हयानिक हा जोडीदार मिळाला. सहारा, अँडीज आणि ॲमेझॉनचे सतत गळणारे जंगल पार करून १९३१ मध्ये तो परतला. १९३३ ते १९४२ या काळात केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ या तिघांनी आणखी एक प्रदक्षिणा केली.

या मंडळींनी निघण्याचा मुहूर्त कोरड्या ऋतूत साधला असेल. पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रवासात पाऊस चुकवणार कुठे? एका देशात तो संपला की दुसऱ्या देशात सुरू होतो. त्यांच्याकडे हवामानाचा अंदाज सांगणारे मोबाइल नव्हते, नायलॉनचे हलके कपडे नव्हते, घरी बोलण्याची सोय नव्हती. पत्र पोचायला आठवडे लागत. मुलगा सुखरूप असल्याचे पत्र आईच्या हाती पडेपर्यंत तो तीन गावे नव्हे, तीन देश पुढे गेलेला असायचा.

पुण्याची वेदांगी

आताचे उदाहरण पाहू. पुण्याची वेदांगी कुलकर्णी इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठात शिकत होती. २०१८ च्या जुलैत ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून एकटीच निघाली. चौदा देश, सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवस. २३ डिसेंबर २०१८ रोजी पहाटे तिने कोलकात्यात हा टप्पा पुरा केला तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. वाटेत कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटण्यात आले, रशियात बर्फात एकटीने तंबू ठोकून रात्री काढाव्या लागल्या. उणे वीस अंशांपासून सदतीस अंशांपर्यंतचे हवामान तिने त्या पाच महिन्यांत सोसले.

अस्वल आणि लुटारू यांच्या बातम्या होतात. पावसाची बातमी होत नाही. पण लांबच्या सफरीवर जाणाऱ्याने तयारी करायची ती अस्वलाची कमी आणि ओल्या कपड्यांची जास्त. अस्वल एखाद्यालाच भेटते, पाऊस प्रत्येकाला.

शरीर का गारठते?

आपल्याकडे मुंबई-कोकणात पावसात भिजले तरी सहसा काही होत नाही, कारण हवा उबदार असते. ही सवय परदेशात घात करते. स्कॉटलंड, नॉर्वे, न्यूझीलंड किंवा आपल्याच हिमालयात पावसाच्या दिवशी तापमान दहा अंशांच्या आसपास येऊ शकते. बर्फ पडावा इतकी थंडी नसते, म्हणून माणूस बेसावध राहतो.

पाणी हे हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून नेते. त्यातून सायकल चालवताना समोरचा वारा सतत अंगावर येत असतो. चढावर घामाने आतले कपडे भिजतात आणि उतारावर पाय थांबले की तोच घाम गार पडतो. शरीराचे आतले तापमान साधारण सदतीस अंश असते. ते पस्तीस अंशांच्या खाली गेले की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याची लक्षणे ओळखणे अवघड नाही:

• आधी हुडहुडी भरते, दात वाजू लागतात.
• मग बोटे ऐकेनाशी होतात. बटण लावता येत नाही, ब्रेक नीट दाबता येत नाही.
• बोलणे अडखळते, साधा हिशेब चुकतो, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो.
• हुडहुडी आपोआप थांबली आणि माणूस झोपाळू झाला, तर ते बरे वाटण्याचे नव्हे, धोक्याचे लक्षण आहे. अशा वेळी तातडीने डॉक्टरांची मदत हवी.

उपाय घरगुतीच आहे. आडोसा गाठावा, ओले कपडे काढावेत, कोरडे घालावेत, डोके आणि मान झाकावी. माणूस पूर्ण शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा. दारू मुळीच देऊ नये. तिने ऊब आल्यासारखे वाटते, पण शरीर आणखी उष्णता गमावते. हातपाय जोराने चोळू नयेत.

कपड्यांच्या बाबतीत सुती कापड इथे कामाचे नाही. ते पाणी धरून ठेवते आणि अंगाला चिकटते. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब देते. आपले धनगर पिढ्यानपिढ्या पावसापाण्यात घोंगडी खांद्यावर टाकून हिंडतात, ते काही उगाच नाही. पिसांची झोपण्याची पिशवी मात्र भिजली की निकामी होते. ती प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून सामानाच्या मधोमध ठेवावी. आणि एक नियम कधीही मोडू नये: एक जोड कपडे फक्त झोपण्यासाठी कोरडे ठेवायचे. सकाळी कितीही नको वाटले तरी कालचे ओले कपडेच पुन्हा चढवून सायकलवर बसायचे. कोरडा जोड रस्त्यावर भिजला, तर रात्री अंगावर घालायला काही उरत नाही.

सायकलचीही काळजी

पावसात सायकल बदलते. चाकाच्या कडेवर दाबणारे साधे रबरी ब्रेक ओल्या रिमवर लगेच लागत नाहीत. थांबायला कोरड्या रस्त्यापेक्षा बरेच जास्त अंतर लागते. म्हणून उतार लागण्याआधीच ब्रेक हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून काढावे. डिस्क ब्रेक या बाबतीत बरे. रस्त्यावर रंगवलेले पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि ट्रामचे किंवा रेल्वेचे रूळ ओले झाले की साबणासारखे निसरडे होतात. रूळ नेहमी काटकोनात ओलांडावेत.

पावसात पंक्चरही जास्त होतात. रस्त्याच्या कडेला वाहून आलेली काच, खडे आणि तारेचे तुकडे ओल्या रबरात सहज घुसतात. टायरमधली हवा नेहमीपेक्षा किंचित कमी ठेवली तर पकड सुधारते. मडगार्ड जड वाटतात म्हणून काढून टाकणारे हौशी असतात. पहिल्याच पावसात मागच्या चाकाचा चिखल पाठीवर आला की त्यांना त्याची किंमत कळते. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर आधी चेन पुसून तेल द्यावे, मग चहा घ्यावा. रात्रभरात चेनवर गंज धरतो आणि सकाळी करकर सुरू होते. भिजलेल्या बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत. कागद पाणी शोषून घेतो.

दोन गोष्टींना मात्र तेल-पाणी करून उपाय नाही. एक, रस्त्यावरून वाहणारे पाणी. खाली खड्डा आहे की उघडे गटार, हे दिसत नाही, आणि गुडघाभर वाहते पाणीही माणसाला सायकलसकट ओढून नेऊ शकते. दोन, विजा. कडकडाट सुरू झाला की एकट्या झाडाखाली थांबू नये. पक्की इमारत किंवा बंद मोटार गाठावी.

थांबणे म्हणजे हरणे नव्हे

फ्रान्समध्ये दर चार वर्षांनी 'पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस' ही प्रसिद्ध सायकल मोहीम होते. तिची सुरुवात १८९१ मधली. बाराशे किलोमीटर अंतर, नव्वद तासांची मुदत. जगभरचे सराईत सायकलस्वार पात्रता फेऱ्या पार करून तिथे येतात. २००७ साली तिथे पाऊस आणि वारा यांनी असा काही ठिय्या दिला की दर दहा जणांतील जवळजवळ तिघांना ती पुरी करता आली नाही. ही माणसे नवशिकी नव्हती.

स्पर्धेत निदान मदतीला माणसे असतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने आठ दिवस पंधरा तासांच्या आत पुरी केली, तेव्हा त्यांच्या मागे मदतनिसांच्या गाड्या होत्या. एकट्या प्रवाशामागे कोणी नसते. थांबायचे की पुढे जायचे, हे त्याला स्वतःलाच ठरवावे लागते, तेही थकलेल्या, गारठलेल्या डोक्याने.

म्हणून निर्णयाचे नियम घरून निघण्याआधी, कोरड्या अंगाने बसून ठरवावेत, असे अनुभवी लोक सांगतात. बोटांनी ब्रेक दाबता येईना झाले की थांबायचे. समोरची मोटार पन्नास पावलांवरून दिसेनाशी झाली की थांबायचे. पुलावरून पाणी जात असेल तर मागे फिरायचे. गावकरी 'जाईल' म्हणाले तरी. आणि दर आठवड्याला एक दिवस हिशेबात मोकळा ठेवायचा. ज्याच्या परतीच्या विमानाचे तिकीट अगदी घट्ट बांधलेले असते, तोच पावसात नको तो धोका पत्करतो.

थांबायचे कुठे, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. पंजाबात गुरुद्वारा आहे. तिथल्या लंगरमध्ये जात, धर्म, देश न विचारता जेवण मिळते आणि बऱ्याच ठिकाणी रात्रीचा निवाराही. डोके झाकावे, पादत्राणे बाहेर काढावीत, पंगतीत बसावे आणि जमल्यास चार भांडी घासावीत. चिंब भिजलेल्या परदेशी प्रवाशाला हिंदुस्थानची याहून चांगली ओळख ती कोणती? जपानमध्ये महामार्गालगत सरकारमान्य विसाव्याच्या जागा आहेत. सायकलवरून फिरणाऱ्यांना आपल्या घरी एक रात्र उतरवून घेणाऱ्यांचे एक जगभरचे जाळे १९९३ पासून चालू आहे. त्याचे नावच 'वॉर्मशॉवर्स', म्हणजे गरम पाण्याची आंघोळ! पावसात दिवसभर पेडल मारलेल्या माणसाला काय हवे असते, हे नाव ठेवणाऱ्याने नेमके ओळखले होते.

घरच्यांसाठी दोन शब्द

लेक किंवा मुलगा सायकलवर परदेशी निघाला की घरात सगळ्यांच्या जिवाला घोर लागतो. आता फोन आहेत, नकाशावर ठिकाण दाखवणारी यंत्रे आहेत. पण त्याने काळजी कमी होते असे नाही. पावसाने मोबाइल भिजतो, डोंगरात संपर्क तुटतो, नकाशावरचा ठिपका हलेनासा होतो आणि इकडे आईच्या हातचे काम गळून पडते.

त्यासाठी निघण्यापूर्वीच घरात बसून बोलून घ्यावे. रोज कोणत्या वेळी निरोप यायचा? आला नाही तर किती तास वाट पाहायची? त्यानंतर कोणाला फोन करायचा? पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या कागदांच्या प्रती घरी असाव्यात. त्या त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा क्रमांक लिहून ठेवावा. विम्यात सायकल प्रवासातली दुखापत आणि रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरला आहे ना, हे बारीक अक्षरांतला मजकूर वाचून पाहावे. एवढे ठरलेले असले की तीन तासांच्या शांततेला तीन तासांचीच किंमत राहते.

आणखी एक. फोन आला की बहुतेक घरांतून पहिला प्रश्न जातो, "आज किती किलोमीटर झाले?" विचारणाऱ्याच्या मनात कौतुक असते. पण पलीकडे एखाद्या बसथांब्याच्या छपराखाली कुडकुडत बसलेल्या मुलाला तो प्रश्न उद्याच्या हजेरीसारखा वाटतो. आज चाळीसच झाले हे सांगायला तो लाजतो आणि दुसऱ्या दिवशी, पाऊस असतानाही, भरपाई करायला निघतो. पावसाच्या दिवशी त्याला एवढेच विचारावे: "कपडे वाळले का? गरम काही खाल्लेस का?" आणि तो म्हणाला की उद्याही इथेच थांबतोय, तर लगेच म्हणावे, "थांब हो, काही घाई नाही."